धुऱ्यावरची खाकर

या सदरात मी कित्येक वर्षं फक्त वाचक होतो. जेवण झालं की मोबाईलवर एखादा अनुभव काढायचा, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि दोघांनी मिळून हसायचं, असा आमच्या घरचा कार्यक्रम. पांढऱ्या साडीतल्या बायका, उलटे पाय, मागून येणारी पैंजणं... हसू नाही येणार तर काय! सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस मी. ज्याच्यावर सही-शिक्का नाही ते खरं धरायची सवयच नाही. आजही भूतखेत मानतो असं म्हणणार नाही. पण हा अनुभव लिहायचा तर त्याच्या आधीची एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती लिहायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून इतके दिवस गप्प. घाबरण्यासाठी वाचायला आलेल्यांनी थोडा धीर धरावा – आधी मला माझं सांगू द्या.

मी राहतो सिंदी मेघ्यात, वर्धा शहराला लागून. गावची शेती मात्र सिंदी रेल्वेकडून आत. 'बाबू एका सिंदीतून दुसऱ्या सिंदीत चाल्ले' असं ऑफिसातले लोक दर शनिवारी माझी मजा घेतात. गावाचं नाव देत नाही. छोटं गाव आहे, ओळखणारे ओळखतीलच.

शेताचा नकाशा डोळ्यांपुढं आणा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पूर्वेला नाला. नाल्याच्या काठानं पळसाची दाट झुडपं, आणि त्यात रानडुकरांचा मुक्काम. नाल्याला लागून देवरावभाऊंचं भाजीचं वावर. मग धुरा – शेताच्या बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात. धुऱ्याच्या अलीकडं आमचा हरभरा, आणि त्यात एक जुनं निंबाचं झाड. त्या निंबावर मचाण. म्हणजे मचाणावर बसलं की तोंड पूर्वेला, खाली आमचं पीक, समोर धुरा, त्यापलीकडं देवरावभाऊंची पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. नाल्यातून निघालेलं डुक्कर देवरावभाऊंच्या वावरातून धुरा ओलांडून आमच्यात उतरतं. ओलांडलं की मारायचं, आधी नाही.

आता खाकर. थंडीच्या दिवसांत पहाटे या वावरांवर असं धुकं बसतं की दहा पावलांवरचं माणूस आणि झुडूप एकच दिसतं. म्हणून आमच्या शिवारात एक रीत होती, आजही आहे. पहाटे जो कोणी धुऱ्यावर पाय ठेवेल त्यानं आधी खाकरायचं. हाक मारायची नाही. हाकेनं डुकरं पळतात आणि मचाणावर गारठून बसलेल्याची पहाट वाया जाते. खाकरण्यानं डुक्कर बिचकत नाही, आणि डुकराला काही खाकरता येत नाही. म्हणजे खाकर आली की समजायचं, माणूस आहे. मचाणावरच्यानं लगेच बंदुकीचा घोडा उतरवायचा, नळी आभाळाकडं करायची आणि आपणही खाकरायचं. म्हणजे 'ऐकलं, या.' बाबांनी माझ्या हातात बंदूक देण्याआधी हेच शिकवलं. बाकी सगळं नंतर.

प्रत्येकाची खाकर वेगळी. देवरावभाऊंची तर गावात प्रसिद्ध होती. आधी गळ्यातल्या गळ्यात एक बारीक 'अंहं...', मग थोडा दम घेऊन मोठी खाकर, आणि तिच्या शेपटीला एक लांब 'होऽऽ'. बैल थांबवताना म्हणतात तसा. धुऱ्यावर हा 'होऽऽ' आला की बाबा म्हणायचे, "देवराव आला. आता डुक्कर नाई, चहा येते."

माझी नोकरी नुकतीच लागलेली, लग्न ठरत आलेलं, तेव्हाची गोष्ट. गावाला माहीत आहे ती अशी – थंडीतल्या एका पहाटे मी मचाणावर बसलो होतो, देवरावभाऊ न खाकरता धुऱ्यावर आले, धुक्यात मला डुक्कर वाटलं, मी बार काढला, आणि छर्रे त्यांच्या मांडीत आणि कंबरेत बसले.

खरी गोष्ट अशी की ते खाकरले होते.

मी ऐकलं होतं. पुरी खाकर, शेवटच्या 'होऽऽ' सकट. समोर काळी पाठ दिसत होती, घोडा चढवलेला होता, माझ्या आयुष्यातली पहिली शिकार. मनात आलं – देवरावभाऊ अजून लांब असतील, नाल्याच्या वळणावर. ते येईपर्यंत मी मारून घेतो. एवढंच. एका श्वासाचा विचार. आणि बोट दाबलं.

बंदूक बाबांच्या नावावर, परवाना बाबांचा, चालवणारा मी. प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर परवाना गेला असता आणि कदाचित माझी नोकरीही. बाबांनी देवरावभाऊंचे पाय धरले, दवाखान्याचं सगळं पाहिलं, आणि गावातलं गावात मिटवायचं ठरलं. पोलिस पाटलांच्या ओसरीवर चार लोक बसले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "रमेश, देवराव खाकरला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

बाबा माझ्याकडं पाहत होते. त्यांनी नंतर कधीही मला काही विचारलं नाही. बंदूक मात्र जमा करून टाकली.

देवरावभाऊ वाचले. पण पाय ओढत चालायचे. मी कमी बोलतो, शेतात कमी दिसतो, बंदुकीला हात लावत नाही, म्हणून लोक मला हळवा म्हणायचे. आणि त्यांना? पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या पायरीवर, कुठंही ते आले की कोणीतरी म्हणायचंच, "या देवराव, पण खाकरून या बाप्पा!" सगळे हसायचे. पहिली काही वर्षं ते सांगायचे, "खाकरलो होतो बे मी." मग सांगायचं सोडलं. कोरोनाच्या नंतरच्या वर्षी ते गेले. साध्या तापानं. मी मातीला गेलो होतो... मागं उभा राहिलो.

हे झालं आधीचं. आता गेल्या थंडीतलं.

माझा साळा शैलेश. वर्ध्यातच बँकेत आहे. त्यानं आमच्या शेजारचा एक तुकडा घेतला, पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढला, कुणाकडून तरी एक जुनी एकनळी घेतली. डुकरांनी गावात सोयाबीन आणि तूर अशी काही उलथून टाकली होती की शेवटी वन विभागाकडून मारायची परवानगीही मिळाली. झालं! भाऊजी, मले शिकवा. भाऊजी, तुम्ही मचाणावर बसले ना. भाऊजी, एकच दिवस चाला.

मी टाळलं. जितकं टाळता येईल तितकं टाळलं. शेवटी बायको म्हणाली, "तो एकटा बसन आन् काही करून बसन, त्यापेक्षा तुमी जा ना सोबत." तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीनं तिचा नवरा एका अपघातानं मनाला लावून घेतलेला चांगला माणूस होता.

शनिवारी संध्याकाळी गावच्या घरी ओसरीवर मी शैलेशला शिकवायला बसलो.

"पहिली गोष्ट, डोक्याले तेल नाई लावाचं. सेंट तर अजिबात नाई."

"दाढी केली ना भाऊजी, ते आफ्टर शेव..."

"मंग डुक्कर काय, सारा नाला पळून जाईन. तोंड धू."

बायको आतून हसली. मी सांगत गेलो. उजाडायच्या आत चढायचं. भरलेली बंदूक घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर भरायची. वारा नाल्याकडून आपल्याकडं असेल तरच बसायचं. खोकला येतोय असं वाटलं तर गूळ चघळायचा. पहिल्या उजेडात झुडपं चालताना दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आवाजावर बार काढायचा नाही. मान आणि पाय दिसल्याशिवाय घोड्याला हात लावायचा नाही. शैलेश शाळेतल्या पोरासारखं मान हलवत होता. चांगला मुलगा आहे तो.

सगळं सांगितलं. खाकरीचं सोडून.

दोनदा तोंडापर्यंत आलं. 'आणि शैलेश, कोणी खाकरलं तर...' इथपर्यंत मनात वाक्य झालं, आणि पोलिस पाटलांची ओसरी समोर आली. मी उठलो, पाणी प्यालो, झोपायला जा म्हणालो.

आणखी एक काम होतं. उद्या पहाटे मचाणावर बसणार म्हणून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शैलेशनं टाकलं होतं. पण इंदूवयनी – देवरावभाऊंची बायको – साधा फोन वापरतात. त्यांना घरी जाऊन सांगायचं होतं, आणि ते माझ्यावर होतं. घर तरी किती लांब? मंदिराच्या मागची गल्ली. पण मी त्या दारात गेलो नव्हतो... बऱ्याच वर्षांत. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आत दिवा दिसत होता. रेडिओ की टीव्ही काहीतरी चालू होतं. तिथूनच परतलो.

"सांगतलं का वयनीले?" शैलेशनं विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

तेच. पुन्हा तोच एक शब्द, सहज निघाला तोंडातून. शिवाय मला हेही माहीत होतं की इंदूवयनी धुऱ्यावर खाकरत नाहीत. देवरावभाऊ गेल्यापासून त्यांनी खाकरणं सोडलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. 'घराण्याची आदत' म्हणून चेष्टाही व्हायची. तरी मी झोपलो. मनाची समजूत घातली – रविवार आहे, कशाला येतात त्या एवढ्या पहाटे.

रविवार म्हणजे पवनारपासून वर्ध्यापर्यंत सगळ्या भाजीवाल्यांचा बाजाराचा दिवस. हे मला, या मातीत जन्मलेल्या माणसाला, त्या रात्री आठवलं नाही म्हणे.

पहाटे निंबावर चढलो तेव्हा धुकं जमिनीला चिकटून होतं. वर चांदण्या, खाली दूध सांडल्यासारखं. शैलेशला पुढं बसवलं, मी त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून. तोंडावर मफलर. थंडी अशी की दात आपोआप वाजत होते, म्हणून दोघांनी गूळ तोंडात धरलेला. बराच वेळ काही नाही. एक टिटवी ओरडत गेली. नाल्यात काहीतरी मोडलं. शैलेशनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली – थांब.

पूर्व थोडी राखाडी झाली. ही वेळ सगळ्यात वाईट. ना रात्र, ना दिवस. धुऱ्यावरची बोरीची झुडपं हलायला लागली. हलत नव्हती, पण हलायला लागली. तुम्ही कधी असे बसला असाल तर कळेल. डोळे जे शोधत असतात तेच तयार करतात.

मग खरंच काहीतरी हललं. धुऱ्याला अगदी लागून. काळी, रुंद पाठ. खाली तोंड घालून, थांबत थांबत सरकत होती. मध्येच 'कच् कच्' असा पाला तुटल्याचा बारीक आवाज. शैलेशनं घोडा चढवला. त्याचा तो 'कट्' आवाज... इतक्या वर्षांनी ऐकला.

पाठ आणखी पुढं आली. धुरा ओलांडला की नाही? मला वाटलं ओलांडला. आज शपथेवर सांगू शकत नाही. पाय दिसत नव्हते. मान दिसत नव्हती. मीच काल शिकवलेलं, मान आणि पाय. आणि मीच त्याच्या कानाशी मफलरातून म्हणालो,

"दिसलं? घे."

शैलेशनं गाल दस्त्याला लावला. श्वास रोखला.

आणि समोरून आलं –

'अंहं...'

मग तो दम. मग मोठी खाकर. मग, लांब, 'होऽऽ'.

मी काय सांगू तुम्हाला. पुढं जे मनात आलं ते लिहायलाच इतके दिवस लागले असं समजा. भीती नाही आली. देवरावभाऊ मेलेत हेही नाही आलं. मनात आलं – लांब असतील ते. नाल्याच्या वळणावर. तोच विचार, शब्दाला शब्द! जणू मधली सगळी वर्षं मी त्याच मचाणावर बसून होतो.

पण या वेळी हात विचारासाठी थांबला नाही. मी खालून नळीला धक्का दिला, दोन्ही हातांनी, आणि बार निघाला. माझ्या कानाशीच. निंबाची पानं, काड्या, दव – सगळं आमच्या डोक्यावर पडलं. नाल्यातून पाखरं उठली. काही क्षण कानात नुसती शिटी.

धूर गेला. समोरची पाठ सरळ झाली. उंच झाली. तिच्या हातात विळा होता.

अंगावर देवरावभाऊंचं काळं घोंगडं होतं, डोक्यावरून घेतलेलं.

शैलेश "बाई हाय... भाऊजी, बाई हाय..." एवढंच म्हणत राहिला. मी त्याच्या हातातून बंदूक घेतली, खाली उतरलो. उतरलो म्हणजे पडलोच. हरभऱ्यातून धुऱ्यापर्यंत गेलो. इंदूवयनी तशाच उभ्या. पायाशी सांभाराच्या जुड्यांची टोपली. मला पाहिलं, माझ्या हातातली बंदूक पाहिली. ओरडल्या नाहीत.

"कोन? रमेशभाऊ?" एवढंच.

बाराचा आवाज ऐकून पलीकडच्या वावरातून वासुदेवभाऊ टॉर्च घेऊन धावत आले. तोंडाळ माणूस, पण मनानं वाईट नाही. एका नजरेत सगळं समजले, आणि सुरू झाले –

"का वं इंदू! मरत होतीस ना आता! खाकरली काऊन नाई? तुमच्या घराले खाकराची आदतच नाई का वं? आधी तो, आता तू!"

इंदूवयनींनी विळा टोपलीत ठेवला. मागून शैलेश आला, पांढराफटक.

"खाकरलं ना," तो म्हणाला. "खाकरलं कोनीतरी. म्हनून तर भाऊजीनं बंदूक वर ढकलली."

"कोन खाकरलं? इथं हायच कोन?" वासुदेवभाऊ म्हणाले.

"मानूस होता. समोरून. असा..." आणि शैलेशनं ती खाकर काढून दाखवली. बारीक 'अंहं', तो दम, ती खाकर. आणि शेवटी, थोडा लाजत, लांब 'होऽऽ'.

वासुदेवभाऊंचा टॉर्च खाली आला. "याले देवरावची खाकर कोनं शिकवली?"

कोणी शिकवली असेल? शैलेशनं देवरावभाऊंना कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं शेत घेतलं तेव्हा ते नव्हतेच. त्यांचा विषय आमच्या घरात निघायचाच नाही, मी निघूच दिला नाही.

इंदूवयनी शैलेशकडं पाहत होत्या. मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. पण एवढं कळलं की आता गप्प राहिलो तर मी पुन्हा 'नाही' म्हणाल्यासारखंच होईल.

"वयनी," मी म्हणालो, "देवरावभाऊ त्या दिवशी बी खाकरले होते. मी ऐकलं होतं. ऐकून बार काढला. आन् ओसरीवर खोटं बोललो."

वासुदेवभाऊ म्हणाले, "काय म्हनून राह्यला तू?"

मी पुन्हा म्हणालो. तेच, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मग हेही सांगितलं की काल त्यांना निरोप द्यायचं काम माझं होतं आणि मी गल्लीतून परत आलो.

इंदूवयनी खाली वाकल्या, टोपली डोक्यावर घेतली. मी उचलू लागलो तर हात बाजूला केला.

"मले बजारात जाचं हाय," म्हणाल्या. "आटो सुटन." आणि पाय न अडखळता धुऱ्यानं निघून गेल्या.

त्यानंतर शैलेश आणि मी तिथं बराच वेळ उभे होतो. उजाडलं होतं. हरभऱ्यावर दव असं पांढरं की कुणी बोट लावलं तरी दिसावं. माझी निंबापासून धुऱ्यापर्यंतची वाट हिरवी पडलेली. माझ्याच मागून शैलेशही आलेला. पलीकडं इंदूवयनींची आणि वासुदेवभाऊंची. खाकर आली होती ती आमच्या आणि वयनींच्या मधून, आमच्या हरभऱ्यातून, धुऱ्याच्या अलीकडच्या बाजूनं. यावर आमच्या दोघांचंही एकमत. तिथलं दव जसंच्या तसं होतं. मी ओणवा होऊन पाहिलं.

संध्याकाळी मी त्या गल्लीत गेलो. या वेळी दारापर्यंत. इंदूवयनी वांगी निवडत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

मग त्यांनीच तोंड उघडलं. "ते मले सांगे. खाकरलो व्हतो मी, खाकरलो व्हतो. रोज सांगे." एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "मी बी मानलं नाई त्याइचं. म्या म्हनलं, सारं गाव खोटं बोलन का? तुमीच इसरले असान. मंग लोक हसे, मले राग ये. त्याइचा नाई, त्या खाकरीचाच राग ये. ते गेले त्या दिसापासून मी सोडूनच देलं."

त्यांनी पुढचं वांगं उचललं.

"शेवटी शेवटी काय म्हने माईत हाय? म्हने, इंदे, नसनच खाकरलो मी." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मानसाले सोताच्याच गळ्याचा भरोसा उरला नाई, रमेशभाऊ. तुमाले समजते का हे?"

समजतं, असं म्हणायचा मला हक्क नव्हता. मी फक्त विचारलं, "वयनी, आता तरी... धुऱ्यावर खाकरत जासान ना? थंडी आहे अजून. लोक बसतात."

"मी काऊन खाकरू?" त्या म्हणाल्या. "खाकराचं असन त् तू खाकर."

'तुमी' वरून 'तू' वर आल्या. मला ते बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

नंतर मी पोलिस पाटलांकडं गेलो. आता त्या जागी जुन्यांचा मुलगा आहे. ओसरी तीच. लोक जमले, मी सगळं सांगितलं. काही जणांनी आता कशाला उकरता म्हटलं. एक म्हातारा माझ्याकडं पाहून थुंकला. ते मला सगळ्यांत खरं वाटलं. बायको किती तरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता बोलते, पण हे सदर आम्ही एकत्र वाचत नाही. शैलेशनं बंदूक ठाण्यात जमा केली. मचाण मी स्वतः मोडलं.

राहिला प्रश्न त्या खाकरीचा. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आहे. शिवारात दुसरं कोणी होतं का – वासुदेवभाऊ सोडून कोणी नव्हतं, आणि ते उलट्या बाजूला होते. माझ्या मनाचा खेळ म्हणावा तर शैलेशनंही ऐकलं, आणि त्यानं तर नक्कल करून दाखवली. मला सगळ्यात पटण्यासारखं वाटलं ते हे, की मीच खाकरलो असेन. भीतीनं, नकळत, देवरावभाऊंसारखा. मी शैलेशला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचा खांदा माह्या खांद्याले होता. तुमी श्वास बी घेत नव्हते." आणि गंमत म्हणजे इंदूवयनींनी काहीच ऐकलं नव्हतं. बाराच्या आधी काही नाही. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना नाही, आणि आम्हाला का? मला माहीत नाही. ज्याला कळत असेल त्यानं सांगावं. मी वाद घालणार नाही.

मी मात्र थंडीचे सुट्टीचे दिवस आता गावातच काढतो. उजाडायच्या आत मंदिराच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. इंदूवयनी टोपली घेऊन निघतात, माझ्याकडं पाहत नाहीत. मी पुढं चालतो. धुरा आला की खाकरतो. दूर कुठल्या तरी मचाणावरून उत्तराची खाकर येते, मग आम्ही पुढं जातो. आम्हा दोघांत बोलणं नाही.

एकदाच बोलणं झालं. त्या पहाटे धुकं फार होतं. मी धुऱ्यावर खाकरलो, आणि खाकर संपता संपता माझ्या गळ्यातून आपोआप, मी न ठरवता, तो लांब 'होऽऽ' निघाला.

मागची पावलं थांबली. मीही थांबलो. वळायची हिंमत झाली नाही.

"तो नोको लावू," इंदूवयनी म्हणाल्या. "तो त्याइचा हाय."